न गाणारीचे कान

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलानं वाढदिवसाला हट्ट करून फिंचची जोडी आणवली. झेब्रा फिंच, मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आता आपल्याकडे पक्ष्यांच्या दुकानात सर्रास मिळणारे. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली होती. घरात बसवेना म्हणून मी वर त्यांच्या बाल्कनीत जाऊन बसले. पिंजरा अगदी हाताशी होता. नराची चोच लालभडक, गालावर नारिंगी डाग, गळ्याखाली बारीक काळ्या रेघा, कुशीवर तांबूस पट्ट्यात पांढरे टिपके. मादी सगळी करडी, फक्त चोच तेवढी नारिंगी. नर पिसं फुलवून काठीवर एकेक उडी मारत तिच्याकडे सरकायचा, गायचा, थांबायचा, पुन्हा गायचा. गाणं कसलं, जेमतेम एखाद्या सेकंदाचं, पण दर वेळी तेच, एका मात्रेचाही फरक नाही. मादी मान किंचित कलती करून बसलेली. गाणं संपलं की तिची मान सरळ व्हायची आणि पुन्हा सुरू झालं की कलायची. मुलगा हे बघत होता. म्हणाला, "मावशी, ही तर कधीच गात नाही. मग तो काय गातो ते हिला कळतं तरी का?" त्याची आई आतून म्हणाली, "कळत असेल रे बाबा." तेवढ्यात वीज आली, पंखे फिरले, मुलगा आत पळाला.

मी मात्र त्या प्रश्नात अडकले.

कारण हा प्रश्न मी आमच्या घरात ऐकलेला आहे, माणसाबद्दल. आमचं मूळ घर म्हार्दोळजवळ. तिथे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, लवकर विधवा होऊन परतली आणि शेवटपर्यंत राहिली. आत्या गात नसे. जात्यावर, पाळण्यापाशी ओव्या म्हणायची, पण त्याला ती स्वतःच गाणं मानत नव्हती. घरात गाणं भरपूर होतं. आजोबा चतुर्थीला घुमट, म्हणजे मातीचं तालवाद्य, घेऊन बसायचे, काका देवळाच्या उत्सवातल्या नाटकात पदं म्हणायचे, आणि माझ्या थोरल्या भावाला पेटी शिकवायला मास्तर येत. मास्तर सोप्यावर बसत. आत्या आत राजांगणाच्या, म्हणजे मधल्या चौकाच्या, कडेला जाईच्या कळ्या घेऊन बसलेली असायची. केळीचा ओला दोर डाव्या पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, गाठ. तिच्या गाठी तालात पडत. हे मला फार उशिरा लक्षात आलं. मास्तर विलंबितात गेले की तिचा हात संथ व्हायचा आणि समेवर गाठ आवळली जायची. एकदा मास्तर नसताना भाऊ भीमपलास वाजवत होता आणि आतून तिचा आवाज आला, "कोमल! निषाद कोमल आहे रे तिथे!" भाऊ चकित झाला, मी त्याहून जास्त. हिला सुरांची नावं शिकवली कोणी? कोणीच नाही. सोप्यावर जे शिकवलं जात होतं, ते दाराच्या अलीकडे बसून ती घेत होती, आधी तिच्या भावांच्या वेळी, मग माझ्या भावाच्या वेळी.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. आदोळीवर नारळ खोवता खोवता सांगायची, काल अमक्यानं दुसऱ्या अंकातल्या पदाची तान घाईत उरकली, तमक्याचा षड्ज पहाटेपर्यंत उतरला होता, पेटीवाला त्याला सांभाळून घेत होता. काका हसायचे. पण पुढच्या वर्षीच्या तालमीत ते पद हळू घ्यायचे, हेही मी पाहिलेलं आहे.

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वाचायला मोकळा वेळ मिळाला, त्यात हा फिंचचा विषय हाती लागला आणि सुटला नाही. या चिमुकल्या पक्ष्यावर मेंदूच्या शास्त्रज्ञांनी जेवढं काम केलंय तेवढं फार थोड्या पक्ष्यांवर झालं असेल. 1976 साली फर्नांडो नॉटेबोम आणि आर्थर आर्नल्ड यांनी दाखवून दिलं की कॅनरी आणि झेब्रा फिंच यांच्या मेंदूतली गाण्याची केंद्रं नरात मादीपेक्षा कितीतरी मोठी असतात. तोपर्यंत कणा असलेल्या प्राण्यांच्या मेंदूत नर-मादीचा इतका ढळढळीत फरक कोणी दाखवला नव्हता. मग 1980 मध्ये मार्क गर्नी आणि मासाकाझू कोनिशी यांनी अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या मादी पिलांना इस्ट्रोजेन दिलं. ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो, तेच. त्या पिलांच्या मेंदूतली गाण्याची केंद्रं नरांसारखी वाढली, आणि मोठेपणी टेस्टोस्टेरॉन, ज्याला पुरुषांचं हार्मोन म्हणतात ते, दिल्यावर त्या माद्या गायल्या. वाढलेल्या मादीला हीच हार्मोनं कितीही दिली तरी ती गात नाही. दूध कोमट असतं तेव्हाच विरजण लागतं, गार झाल्यावर नाही, तसं काहीसं. तरी सगळा खेळ हार्मोनचाच आहे असंही नाही. 2003 मध्ये एक अजब पक्षी तपासला गेला, उजवं अंग नराचं आणि डावं मादीचं. दोन्ही अंगांत रक्त एकच वाहतं, म्हणजे रक्तातली हार्मोनंही एकच. तरीही मेंदूच्या नर बाजूचं गाण्याचं केंद्र दुसऱ्या बाजूपेक्षा मोठं निघालं. पेशींच्या आत जे जनुक आहेत त्यांचंही म्हणणं असतंच.

पण हे सगळं झालं गाण्याचं. मला हवं होतं ऐकण्याचं.

कानातून आलेला आवाज फिंचच्या मेंदूत जिथे ओळखला जातो, आठवणीत ठेवला जातो, त्या भागाला शास्त्रज्ञ एनसीएम म्हणतात. इथे चित्र पालटतं. हा भाग गाणाऱ्यांची मिरास नाही. तो मादीलाही आहे आणि तिच्यातही गाणं ऐकताना जागा होतो. या भागातल्या पेशींवर आणि पेशींच्या आत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन पकडून घेणारी प्रथिनं, आहेत. काही पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन जनुकांना हलवतात, त्यांचं काम तासांत, दिवसांत उमटतं. काही पेशीच्या पडद्यावर बसलेले असतात आणि क्षणात, मिनिटांत फरक घडवतात. आणि याच भागात अरोमाटेझ नावाचं एन्झाइम भरपूर आहे, जे टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवतं. म्हणजे अंडाशयाकडून रक्तातून काही येण्याची वाट न बघता ऐकणारा मेंदू आपल्याला लागणारं हार्मोन जागच्या जागी तयार करू शकतो. 2008 मध्ये ल्यूक रिमेज-हीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर फिंचच्या या भागात बारीक नळी बसवून मोजलं, तर गाणं कानावर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत तिथलं इस्ट्रोजेन वाढलेलं. पुढे त्यांनीच दाखवलं की हे वाढलेलं इस्ट्रोजेन तिथल्या पेशींचा गाण्याला मिळणारा प्रतिसाद अधिक नेमका करतं. ते बनणं तिथल्या तिथे थांबवलं, तर पक्ष्याला आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा अधिक ऐकावंसं वाटणंही मावळतं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीत फेऱ्या मारल्या. ऐकताना मेंदू ऐकण्यासाठीच काहीतरी बनवतो! आपण कानाला किती गरीब समजतो, आवाज आला, आत गेला, झालं. इथे तर गाणं आत शिरतं आणि त्याला नीट घेण्याची तयारी त्याच घटकेला सुरू होते.

पिलांच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. फिंचचं नर पिल्लू साधारण पंचविसाव्या दिवसापासून पासष्टाव्या दिवसापर्यंत बापाचं गाणं मनात साठवतं. मध्येच स्वतः बडबडायला लागतं आणि नव्वदाव्या दिवसाच्या आसपास गाणं पक्कं होतं, मग जन्मभर तेच. या काळात त्या भागातल्या पेशी इस्ट्रोजेनला कसा प्रतिसाद देतात तेही वयागणिक बदलतं. म्हणून मला वाटलं होतं की वाढत्या पिलात इस्ट्रोजेन बनणं बंद केलं की गाणं शिकणं बिघडणार. तसं झालं नाही. 2020 च्या प्रयोगात अशा पिलांनी गुरूच्या गाण्याची नक्कल तेवढीच चांगली केली, पण त्या गाण्याला मेंदूत जो ठसा मिळायचा तो बदललेला निघाला. मला हा निकाल फार आवडला. गळ्यातून जे बाहेर पडतं ते सारखंच, आणि आत ऐकलेलं मात्र वेगळ्या रीतीनं वसलेलं. नुसता गळा तपासणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

आणि मादी पिल्लू? ते तर काहीच म्हणत नाही. तेही बापाजवळ बसतं, ऐकतं. 2004 मध्ये एक अभ्यास झाला: माद्यांना लहानपणी गाणं ऐकूच दिलं नाही. मोठ्या झाल्यावर त्यांना रीतसर शिकलेल्या नराचं गाणं आणि एकांतात वाढून कसंबसं गाणाऱ्या नराचं गाणं, दोन्ही ऐकवली. गाणं ऐकत वाढलेल्या माद्या शिकलेल्याकडे वळतात. या वळल्या नाहीत. त्यांना दोन्ही सारखीच. म्हणजे मादी गप्प बसलेली असते त्या दिवसांत तिचा कान घडत असतो, आणि तो घडण्याचे दिवस निघून गेले तर हातचं गेलं. वरच्या मजल्यावरच्या मुलाला मी नंतर हे सांगितलं. त्यांच्या घरट्यात अंडी होती तेव्हा. बजावून ठेवलं, पिल्लं झाली तर तीन महिने बापापासून हलवायची नाहीत, मादी असली तरी नाही. त्यानं अंड्यांना ऐकू येतं का असं विचारलं. फार मोठा प्रश्न विचारला पोरानं. उन्हाळा तापला की फिंच आईबाप उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांना एक खास हाक देतात. ती हाक ऐकलेली पिल्लं उकाड्यात आकारानं लहान राहतात आणि तेच त्यांना सोयीचं पडतं, असं 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात सिद्ध झालं आहे. मे महिन्यातल्या फोंड्यात त्या पिंजऱ्याकडे बघताना ते पटायला जड गेलं नाही.

माणसाचंही ऐकणं जन्माच्या आधीच सुरू होतं, सहाव्या महिन्याच्या आसपास. आणि तिथेही हार्मोनचा हात आहे, फक्त दुसऱ्या. माझ्या भाचीला मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, थायरॉइडसाठी. मग एका तंत्रज्ञ मुलीनं रबराचं मऊ बोंडूक बाळाच्या कानात बसवलं, छोट्या पडद्यावर रेघा उमटल्या, हिरवी खूण आली. बाळ झोपलेलंच. भाची मला म्हणाली, "मावशी, बाळानं काही प्रतिसाद दिला नाही तरी पास कसं?" मी तिला सांगितलं, कानानं दिला. निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, आत टिकटिक शिरली की स्वतःही अगदी क्षीण आवाज परत पाठवतो. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये हे शोधून काढलं आणि आज तान्ह्यांची तपासणी त्यावर चालते. मुलींच्या कानातून येणारा हा आवाज सरासरीनं मुलग्यांपेक्षा जोरकस असतो, जन्मापासूनच, आणि त्याचं मूळ गर्भातल्या हार्मोनमध्ये असावं असं मानतात. टाचेचा थेंब आणि कानातलं बोंडूक या दोन तपासण्या भाचीला अगदी वेगळ्या वाटल्या होत्या. त्या वेगळ्या नाहीत. आतल्या कानाची शंखाकृती नळी आणि तिच्यातले पडदे वेळेवर घडायला थायरॉइड हार्मोन लागतं. ज्या उंदरांत त्याचा बीटा जातीचा रिसेप्टर नसतो ते बहिरे होतात, हे 1996 मध्येच स्पष्ट झालं. हार्मोन पोचलं पण ते घेणारा रिसेप्टर नसेल तर पोचून उपयोग काय? बाळाला थायरॉइडची कमतरता असेल आणि पहिल्या आठवड्यांतच औषध सुरू झालं तर बुद्धी वाचते आणि कानालाही जपता येतं. म्हणून तो टाचेचा थेंब कोणी टाळू नये, असं मी भेटेल त्या बाळंतिणीला सांगते.

आता आत्याकडे येते, आणि इथे मला जपून पाय टाकायचा आहे. फिंचची मादी गात नाही ते तिच्या शरीरामुळे. तिच्या मेंदूतली गाण्याची केंद्रं वाढतच नाहीत. माझी आत्या गायली नाही ते शरीरामुळे नाही. तिचा गळा मी पहाटे जात्यावर ऐकला आहे, स्वच्छ, रुंद, तिन्ही सप्तकांत सहज फिरला असता असा. ती गायली नाही, कारण घरंदाज बाईनं गायचं नाही असं आमच्या घरानं ठरवलं होतं. आमच्याच अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या मुलखात, आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या केरीत, 1892 साली थोर गायिका केसरबाई केरकर जन्मल्या. तिकडे सांगे तालुक्यात कुर्डीला 1904 मध्ये तशाच थोर मोगूबाई कुर्डीकर. त्या ज्या समाजातून आल्या त्यातल्या बायकांनी गायचं आणि आमच्यासारख्या घरातल्या पुरुषांनी ते ऐकायला जायचं, परत येऊन त्या बायकांबद्दल काहीबाही बोलायचं, आणि स्वतःच्या लेकीबहिणींना गप्प बसवायचं. केसरबाईंचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून सूर्यमालेच्या बाहेर निघाला. आमच्या घरातला आवाज सोप्यापर्यंतही पोचला नाही. एका बाजूच्या बायकांना गाण्यापायी मान खाली घालायला लावली, दुसऱ्या बाजूच्या बायकांना मानापायी गाण्यापासून तोडलं. याचा मला आजही संताप येतो. वयानं तो कमी झालेला नाही.

आणि निसर्गाचा दाखला देणाऱ्यांना मी आता ऐकून घेत नाही. "पक्ष्यांतसुद्धा नरच गातो" हे वाक्य आमच्याकडे किती वेळा फेकलं गेलं आहे! ते खरं नाही. 2014 मध्ये जगभरच्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तर ज्या जातींची माहिती मिळाली त्यांतल्या 71 टक्के जातींत मादीही गाते. शिवाय या पक्ष्यांच्या मूळ पूर्वजांत नर-मादी दोघंही गात असावेत असा निष्कर्ष निघाला. काही वंशांत मादीचं गाणं पुढे हरवलं. झेब्रा फिंच त्यातलाच. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत आधी अभ्यास झाले, तिथल्या पुष्कळ जातींत माद्या गप्प किंवा कमी गाणाऱ्या, म्हणून तोच नियम ठरला. ज्यांनी नियम ठरवला त्यांच्या अंगणात गाणाऱ्या माद्या थोड्या होत्या, एवढंच.

तरीही, एवढा राग धरूनही, मला आत्याच्या ऐकण्याला नुसती गायनाची उणीव म्हणून सोडायचं नाही. हीच माझी ओढाताण आहे. तिला गाऊ दिलं नाही हा अन्याय. पण ती जे ऐकत होती ते रिकामं बसणं नव्हतं. गाठ समेवर पडत होती, चुकलेला निषाद भिंतीपलीकडून पकडला जात होता, काकांची तान सुधारत होती. आमच्या घराचं गाणं जे काही बरं होतं त्यात तिचा कान मुरलेला होता. तिच्यापाशी तबकडी नव्हती, मैफल नव्हती. फिंचच्या मादीपुढे निदान दोन काठ्या ठेवून दोन गाणी लावता येतात आणि ती कुठल्या काठीवर जाते ते बघता येतं. आत्यापुढे कोणी काही ठेवलं नाही, विचारलं नाही, म्हणून तिला काय येत होतं याची नोंदच झाली नाही.

माझा चुलतभाऊ सध्या घराण्याचा इतिहास छापतो आहे, येत्या चतुर्थीला सगळे जमतील तेव्हा वाटायला. त्यात एक प्रकरण घरातल्या कलावंतांचं. आजोबांचं घुमट, काकांची नाटकं, भावाची पेटी, नातवांपैकी एकाचा तबला. मी यादी वाचली आणि विचारलं, आत्या कुठे आहे? तो म्हणाला, "अगं ताई, आत्याला कुठे गाणं येत होतं? काय म्हणून घालू तिला?" तो वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

मी त्याला चार पानं लिहून पाठवली आहेत. भीमपलासचा निषाद, जाईच्या गाठी, नाटकानंतरच्या सकाळी, काकांनी कुठल्या वर्षी कुठलं पद तिच्या बोलण्यानंतर बदललं ते सगळं, भावाकडून खात्री करून. काका हयात आहेत, त्यांची सहीही घेतली. खाली तिचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. जागा कमी पडते असं तो म्हणतोय. मी सांगितलं, माझ्यावरचा मजकूर काढ, तो अर्धा पान आहे.